ताठ लोंबी

भिवंडीचें नांव निघतांच यंत्रमाग आणि गोदामें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण या तालुक्याचें जुनें पीक भातच होय. आमच्या घरीं अजून घरचा तांदूळ शिजतो, आणि म्हणूनच एका लहानशा पतंगावर आम्हांस नजर ठेवावी लागते. शेतकरी त्याला खोडकिडा म्हणतात. फ्रान्सिस वॉकर यानें १८६३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें.

मादी पिवळी असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. नर लहान व फिकट तपकिरी. हिंदुस्थानापासून चीन-जपानपर्यंत जेथें जेथें पाणथळ खाचरांत भात पिकतो, तेथें तेथें तो आढळतो. भातावांचून त्याचें बहुधा चालत नाहीं. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालते आणि तीं आपल्या अंगच्या केसांनीं झांकते. आठवडाभरांत अळ्या निघून खोडांत शिरतात. रोप कोवळें असल्यास मधला पोंगा सुकतो. पोटरींत असल्यास लोंबी पांढरी, पोकळ निघते. तीच आपल्याकडील पळींज. तीन-चार आठवड्यांनीं अळी खोडांतच कोष करते, व त्यांतून पुन्हां पतंग बाहेर पडतो.

नवान्न पौर्णिमेस दाराला बांधावयाच्या लोंब्या आणावयास काकू मुलांना पाठवीत, तेव्हां मुलें हटकून या पांढऱ्या लोंब्याच आणीत; कारण भरलेली लोंबी लवते, आणि हीच तेवढी ताठ उभी दिसते. काकू ती तळहातावर चुरडून दाखवीत. आंत दाणा नसे.

पळींज दिसली कीं उपायाची वेळ टळलेली असते. लावणीपूर्वीं रोपांचे शेंडे खुडले, तर त्यांवरील अंडीं जातात. कापणीनंतर ओल आहे तोंच नांगरट करून धसकटें वेंचलीं, तर त्यांत दडलेल्या अळ्या मरतात. पण पतंगाला बांध कळत नाहीं. आमच्या चुलत घराण्याच्या वाटणीचीं खाचरें गोदामासाठीं विकावयाचें बोलणें चाललें आहे, आणि विकावयाच्या जमिनींत कोण नांगर घालणार? शेजारीं धसकटें तशींच राहिलीं, तर आमची मेहनत पुष्कळशी वायां जाते.

जमीन ठेवावी कीं विकावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु जोंवर ती भाताची आहे, तोंवर तिची नांगरट सर्वांनीं मिळून करावी, एवढीच विनंती मीं चुलतभावांस केली आहे.