डाळ शिजली का?

बऱ्याच दिवसांत लिहिणे झाले नाही. तब्येत बरी आहे ना, म्हणून दोन-तीन नातेवाइकांचे फोनही येऊन गेले. तब्येत ठणठणीत आहे, वेळ तेवढा मिळत नाही. कारण सांगितले तर हसाल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी नोकरीला लागले आहे. पगार नाही, सुट्टी फक्त रविवारची, आणि साहेब म्हणजे माझी सून.

सूनबाई लातूरला असते, मी नांदेडला. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूर डाळ आणि पानचिंचोलीची पटडी चिंच यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडच्या लोकांना त्यांची चव आधीपासूनच ठाऊक होती, पण मानांकनामुळे बाहेरची माणसे नावाने विचारू लागली. तेव्हा सूनबाईने धाडस केले. घरातली एक खोली रिकामी केली, वजनकाटा आणला आणि इंटरनेटवर विक्री सुरू केली. डाळ, चिंच आणि कारळाची चटणी, एवढाच पसारा. पाकिटावर तिने स्वतःचा मोबाइल नंबर छापला. तिथेच घोटाळा झाला.

दिवसा येणारे फोन कामाचे असत. रात्री अकरानंतर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसांचे व्हिडिओ कॉल येऊ लागले. त्यांना डाळ नको होती. पाकिटावर बाईचे नाव आणि बाईचा नंबर, एवढे त्यांना पुरत होते. आठवड्यातून दोनदा तरी तिला कुणाला तरी ब्लॉक करावे लागे. अनोळखी नंबरांचा आवाजच बंद करण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ साली दिली, हे मला नातवाने सांगितले. मी म्हटले, मग झाले की! तर सूनबाई म्हणाली, "आई, नवं गिऱ्हाईकसुद्धा अनोळखीच असतंय ना? सगळ्यांचा आवाज बंद केला तर दुकानच बंद होईल."

खरेच होते ते. दुकानदाराला अनोळखी माणसासाठीच दार उघडे ठेवावे लागते.

शेवटी तिने नवे सिमकार्ड घेतले, जुन्या मोबाइलमध्ये घातले आणि तो माझ्या हवाली केला. पाकिटावर आता तो नंबर आहे. वेळ सकाळी दहा ते रात्री आठ. त्यानंतर ठरावीक उत्तर आपोआप जाते. फोटोच्या जागी माझा पांढऱ्या केसांचा फोटो लावला आहे. तेव्हापासून रात्रीचे ते फोन जवळजवळ थांबले. म्हातारपणाचा असाही उपयोग होतो.

मी नांदेडला, माल लातूरला, आणि फोन करणारी व्यक्ती कुठेही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायला एस.टी.ने तीन-साडेतीन तास लागतात. माझ्याकडे आलेली तक्रार सूनबाईपर्यंत पोचायला दोन मिनिटे पुरतात. ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिली आहे, त्यांनाच यातले नवल कळेल. पुढे पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून आम्ही झोप आवरून रांगेत उभे राहत असू. बोलताना डोळे समोरच्या लाल आकड्यांवर असत. कसे आहात, बरे आहोत, पैसे पोचले, ठेवते. फोन ठेवल्यावर आठवे की महत्त्वाचे राहूनच गेले.

इंटरनेटवरून बोलायला आपल्या देशात २००२ च्या एप्रिलपासून परवानगी मिळाली, पण तीही अर्धीमुर्धी. संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलता येई, देशातल्या देशात साध्या फोनची घंटा वाजवता येत नसे. ती वाट २०१८ साली मोकळी झाली. माझा भाचा अमेरिकेत गेला, तेव्हा आम्ही स्काइपवर बोलायचो. ते स्काइपही २०२५ च्या मे महिन्यात बंद झाले.

तुम्ही म्हणाल, आता साधा फोनही पॅकमध्ये फुकटच असतो, मग व्हॉट्सअ‍ॅपवरूनच कशाला? मलाही तसेच वाटे. पण गिऱ्हाईक आधी तिथेच फोटो पाठवते, 'पाकीट फुटून आलं' म्हणून लिहिते, आणि त्याच ठिकाणी बोट दाबून बोलू लागते. लिहिलेले, पाहिलेले आणि बोललेले सगळे एका जागी राहते. अमेरिकेतला एक मुलगा पुण्यातल्या आईसाठी डाळ मागवतो. त्याची सकाळ ती आपली संध्याकाळ. परदेशी फोनचा दर मोजावा लागला असता, तर अर्धा किलो चिंचेसाठी त्याने कशाला फोन केला असता?

आता या फोनची खोड सांगते, कारण पुढची गोष्ट तिच्याशी बांधलेली आहे. आवाज मधूनच तुटतो, तो का, हे नातवाने मला समजावले. आपण बोलतो त्याचे यंत्र बारीक तुकडे करते. एकेक तुकडा साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. ते तुकडे वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि पलीकडे पुन्हा क्रमाने लावले जातात. वहीची पाने सुटी करून चार मुलांच्या हाती पाठवावीत आणि पलीकडच्या बाईंनी ती पुन्हा लावून घ्यावीत, तसे. लिहिलेल्या निरोपाचा तुकडा हरवला तर यंत्र तो पुन्हा मागवते. बोलण्यात तेवढी उसंत नसते. उशिरा आलेला शब्द काय कामाचा? म्हणून हरवलेला तुकडा सोडून ते पुढे जाते. शिवाय नेट मंद असले की आवाज थोडा मागून पोचतो. दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला जाणवत नाही म्हणतात. त्याहून वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. आणि त्यातला एक जण शिक्षक असेल तर तो थांबत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बंगळूरहून एका बाईंचा फोन आला. मूळच्या आपल्याकडच्याच असाव्यात.

"काकू, तुमची डाळ शिजंनाच की ओ. सहा शिट्ट्या केल्या."

या विषयात माझा हात कोण धरणार? मी विचारले, चिंच किंवा टोमॅटो आधीच घातला होता का? आंबट आधी पडले की डाळ शिजायला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, नाही. मी विचारले, पाणी कसले? त्या म्हणाल्या, बोअरचे. झाले! मला उत्तर सापडले. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांच्यामुळे डाळ निबर राहते. हे मी त्यांना सविस्तर सांगितले. पिण्याच्या शुद्ध पाण्यात शिजवून बघा, रात्री भिजत घाला, चिमूटभर खायचा सोडा टाका, सगळे सांगितले. मधे त्यांचा आवाज दोनदा तुटक आला. काहीतरी म्हणत होत्या. मला वाटले, नेट खराब आहे. मी जरा मोठ्याने बोलत राहिले. शेवटी त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माझ्या वहीत मी नोंद केली. तारीख, गाव, तक्रार, आणि शेवटच्या रकान्यात 'चूक कोणाची'. तिथे लिहिले : गिऱ्हाईक.

आठ-दहा दिवसांनी पुण्याहून तीच तक्रार आली. मग इथल्याच, नांदेडच्याच एका ओळखीच्या बाईंकडून. त्यांच्याकडे नळाचे पाणी. आता मात्र मी सूनबाईला कळवले. तिने पाकिटांवरचे क्रमांक जुळवून पाहिले. तिन्ही पाकिटे एकाच पोत्यातली निघाली. ते पोते आदल्या वर्षीचे, उन्हाळाभर पत्र्याखाली राहिलेले, आणि भरताना नव्या पोत्यांत मिसळले गेलेले. उष्ण आणि दमट जागी राहिलेली जुनी डाळ निबर होते, मग पाणी गोडे असले तरी ती लवकर शिजत नाही. चूक आमच्याच घरातली होती.

मी बंगळूरच्या बाईंचे जुने निरोप उघडून पाहिले. फोननंतर लगेच त्यांनी लिहून ठेवले होते : 'काकू, याच पाण्यात आधीची डाळ चांगली शिजत होती. तेच सांगत होते.' मी हे त्या दिवशी वाचले होते. खाली अंगठाही उमटवला होता. वाचले होते, पण उत्तर आधीच सापडलेले असल्यामुळे ते डोक्यात शिरले नव्हते. आवाज नेटने तोडला म्हणावे, तर हे लिहिलेले अक्षर कुठे तुटले होते?

रात्री झोप लागेना. एक जुना मुलगा आठवला. आठवीच्या वर्गात मी निबंध तपासत होते. त्याने 'दुरुस्त' लिहिले होते. मी लाल शाईने रु दीर्घ करून दिला. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, पुस्तकात ऱ्हस्वच हाय." मी त्याला जागेवर बसायला सांगितले. घरी येऊन कोश पाहिला, तर ऱ्हस्वच होता. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी कविता शिकवायची होती, ती शिकवली. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. चौतीस वर्षांच्या नोकरीत 'माझे चुकले' हे दोन शब्द मी वर्गात किती वेळा उच्चारले, ते आठवून पाहिले. आठवण्यासारखे काही सापडले नाही.

सूनबाई म्हणाली, "आई, मी लिहून पाठवते माफी. पैसेही परत करते." मी म्हटले, पैसे तू परत कर, बोलते मी. लिहून माफी मागणे सोपे असते. समोरच्याचा श्वास ऐकू येत नाही.

दुपारी फोन लावला, उचलला नाही. संध्याकाळी लावला, तोही नाही. 'दोन मिनिटे बोलायचे आहे, माझ्या चुकीबद्दल' एवढे लिहून ठेवले. रात्री पावणेआठला त्यांचाच फोन आला. मी सांगितले की डाळ जुनी होती, पाण्याचा दोष नव्हता, तुम्ही सांगत होता ते मी ऐकून घेतले नाही, माझे चुकले.

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटले, तुकडे हरवले. मी "हॅलो, हॅलो" करू लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, ऐकू येतंय मला." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे जेवायला होते. सासूबाईंपुढं लई ओशाळल्यासारखं झालं. मीच हौसेनं सांगितलं होतं, आपल्याकडची डाळ आहे म्हणून."

यावर काय बोलावे, ते मला सुचले नाही. या वेळी मी काही बोललेही नाही. पुढे आठ-दहा मिनिटे त्याच बोलत होत्या. माहेर, पाऊस, मुलांना मराठी वाचता येत नाही, असे कितीतरी. मीटर फिरत नव्हता.

सूनबाईने नवी डाळ पाठवली. ती छान शिजली, असा निरोप आला. त्यानंतर त्यांनी पुन्हा काही मागवलेले नाही. वाट पाहत नाही, असे म्हणणार नाही.

आता प्रत्येक पोत्यावर सालाची चिठ्ठी असते, आणि भरण्यापूर्वी त्यातली मूठभर डाळ शिजवून पाहायचा नियम सूनबाईने केला आहे. मीही एक नियम केला आहे. समोरचे माणूस बोलायचे थांबले की मनात एक, दोन, तीन म्हणायचे आणि मगच तोंड उघडायचे. नेटचा उशीर त्यात जिरतो, आणि माझी घाईही. पुष्कळदा तिसऱ्या आकड्याच्या आत समोरचे माणूस पुन्हा बोलू लागते, आणि खरी तक्रार तेव्हाच बाहेर येते.

वहीतला तो रकाना मी दुरुस्त केला. रु ऱ्हस्व. 'गिऱ्हाईक' खोडून 'आपली' लिहिले. मग मागची पानेही चाळली. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सगळीकडे गिऱ्हाईकच चुकलेले दिसते. त्यातल्या किती जणांचे खरेच चुकले होते, हे आता कसे कळणार? ज्यांचे नंबर आहेत, त्यांना रोज दोन-तीन फोन लावते आहे. एवढेच विचारते, डाळ शिजली होती का?

म्हणून लिहायला वेळ मिळत नाही. असो.