वाकणारा पाईप आणि न वाकणारे आम्ही

जयंती जवळ आली की आमच्या ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पमध्ये गल्लोगल्ली देखाव्यांची लगबग सुरू होते. गेल्या जयंतीला आमच्या मंडळाने सांचीच्या मोठ्या स्तूपाची प्रतिकृती करावयाचे ठरविले. आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. झालेले, तेव्हा हिशेबाचे काम आपसूक आमच्याकडे आले. मूळ स्तूपाचा व्यास सुमारे 120 फूट आणि उंची सुमारे 54 फूट. आम्ही तीसास एक असे प्रमाण धरले. म्हणजे व्यास चार फूट आणि उंची पावणेदोन फुटांहून किंचित जास्त. कागदावर गणित चोख जमले. पुढचे सगळे मात्र हातांचे काम होते.

पूर्वी असे घुमट थर्माकोल कापून होत असत. 2018 साली महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. म्हणून आम्ही विजेच्या वायरिंगचे प्लास्टिकचे पाईप घेतले. त्यांच्या कमानी करून सांगाडा उभा करावा आणि त्यावर पुठ्ठा नि खळ लावलेले कागद चढवावेत, असा बेत होता. पाईप पुढच्या वर्षीही उपयोगी पडतील, हा त्यातला हिशेब.

पण पाईप वाकेना! म्हणजे वाकायचा, पण सोडला की पुन्हा सरळ. जास्त जोर लावला तर मधोमध चपटा होऊन मोडायचा. पोरांनी एक पाईप स्टोव्हच्या ज्योतीवर धरला. तो काळा पडला आणि असा झणझणीत धूर सुटला की सगळे डोळे चोळत गल्लीत पळाले. हा धूर विषारी असतो, घरात असला प्रयोग कुणीही करू नये.

तेव्हा आमची आठवीतली लेक म्हणाली, "पप्पा, ज्योत नको. उकळतं पाणी घ्या."

तिचे म्हणणे अनुभवाचे होते. तिच्या वाढदिवसाला आम्ही तिला प्लास्टिकचे जहाज जुळविण्याचा संच आणून दिला होता. त्यातले कठडे आणि दोरशिड्या मऊ, रबरासारख्या प्लास्टिकच्या होत्या. डब्यात दुमडून राहिल्याने त्या वेड्यावाकड्या झालेल्या. बोटाने कितीही सरळ करा, पुन्हा जशाच्या तशा. लेकीने ते भाग मिनिटभर कढत पाण्यात ठेवले, फरशीच्या तुकड्यावर सरळ दाबले आणि तसेच थंड पाण्यात बुडविले. मग ते सरळच राहिले. डिंकाने ते चिकटेनात, तर तिने सुईने भोके पाडून दोऱ्याने बांधले.

पण त्या दिवशी तिचे कोण ऐकणार? मंडळाची पोरे हसली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही म्हणालो, "खेळण्यातलं वेगळं आणि हे वेगळं. तू बाजूला हो." समाजात फिरून मुलींच्या शिक्षणावर भाषणे करणारे आम्ही, घरच्या मुलीला एका वाक्यात गप्प करून मोकळे झालो.

चौघांनी पाईप ओढून धनुष्यासारखा ताणला आणि टोकांना सुतळी बांधली. गाठ निसटली. पाईप सप्‌कन उलटला आणि बाजूला उभ्या असलेल्या लेकीच्या गालावर बसला. वळ उठला तो डोळ्याच्या दोन बोटे खाली. दोन बोटे वर बसला असता तर? आजही तो विचार आला की आमच्या हातापायांतले बळ जाते.

त्या रात्री काम बंद राहिले. लेक आमच्याशी बोलली नाही. आई तिच्या गालाला हळद लावीत होती. ही आमची आई 1976 साली जनता कॉलनी उठविली तेव्हा चीता कॅम्पात आली. तिने बांबू आणि चटया बांधून इथे पहिली झोपडी उभारली. ती म्हणाली, "आरं, पोरगी खरं तेच सांगत हुती. सुकला बांबूबी कुठं वाकतो? आधी भिजवावा, मग शेकावा, मग बांधून ठिवावा. तुमाला लई घाई."

सकाळी आम्ही लेकीची माफी मागितली आणि विचारले, "आता कसं करायचं, तू सांग." ती म्हणाली, सहा फुटी पाईप बुडेल एवढे भांडे नाही, हीच अडचण आहे. त्यावर आईने वाट काढली. फुटाणे भाजतात तशी कोरडी वाळू कढईत तापवायची आणि पाईपातच भरायची. आतून पाईप मऊ पडतो आणि वाळू पोटात असल्याने चपटा होत नाही.

तसेच केले. पहिल्या खेपेस वाळू फार तापली आणि पाईप वितळून वाया गेला. मग अंदाज आला. हातांना जाड फडकी गुंडाळून, टोकांना लाकडी बूच मारून, पाईप जमिनीवर खडूने काढलेल्या कमानीवर ठेवायचा, दोन्ही बाजूंनी विटा लावायच्या, वरून ओले फडके फिरवायचे आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. थोडा परत फिरतो, म्हणून हव्या त्यापेक्षा किंचित जास्तच वाकवायचा. तोरणाच्या आडव्या पट्ट्यांसाठी बांबूच्या कामट्या रात्रभर भिजविल्या, पेरे टाळून घेतल्या आणि पाठीची बाजू बाहेर ठेवून शेकून वळविल्या. दोन दिवसांत सांगाडा उभा राहिला. विटा लावायला तीच पोरे लेकीच्या हाताखाली होती.

सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. तिथले कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर नक्षी करणाऱ्यांनी केले, असे त्यात नोंदलेले आहे. बारीक हस्तिदंतावर बसलेला हात दगडावर चालला. त्यांना कुणी "दंतातलं वेगळं आणि हे वेगळं" म्हणून बाजूला केले असते तर ते तोरण कसे घडले असते? तिथल्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, साध्या घरच्या बायाही आहेत.

देखाव्याच्या पाटीवर देणगीदार आणि पदाधिकाऱ्यांची नावे लिहिण्याची आमच्याकडे रीत आहे. यंदा आम्ही पाटीवर सर्वांत वर लेकीचे आणि आईचे नाव लिहिले. एकदोघे कुरकुरले. आईला अक्षरओळख नाही, तेव्हा लेकीने तिचे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरविले.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गल्लीत देखावा करताना वाळूचा हा उपाय जरूर करा. पण पाईप ताणला असेल तेव्हा मुलांना लांब उभे करा आणि काम अडले तर त्यांनाही विचारा.