गोळी घेणारा कार्यकर्ता कमजोर नसतो



गेली दोन वर्षं मी नैराश्यावर औषध घेतो आहे. नाशिकच्या वस्त्यांमधल्या लोकांना सोबत घेऊन दवाखान्यात जाणारा मी, स्वतःच्या गोळ्या मात्र बॅगेच्या तळाशी लपवत होतो. कारण एका बैठकीत मी झोप लागत नसल्याचं, जगणं नकोसं वाटत असल्याचं बोललो, तेव्हा उत्तर आलं, "आपण बाबासाहेबांची लेकरं. रडायचं नाही, लढायचं." खरं सांगायचं तर हेच वाक्य मीही अनेकांना ऐकवलं होतं.

२०१६ मध्ये रोहित वेमुला गेला. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण रस्त्यावर उतरलो, या संस्थात्मक हत्या आहेत असं ठणकावून सांगितलं. ते बरोबरच होतं. एमएला दुर्खाइम वाचताना मीही हेच शिकलो, की आत्महत्येची मुळं समाजात असतात. पण म्हणून डॉक्टर नको, असं होत नाही. जात माणसाला आजारी पाडत असेल, तर त्या आजारावर उपचार मागणं हाही लढाच आहे. मोर्चा उद्या निघेल. आज रात्री जो एकटा बसलाय, त्याला आजच कुणीतरी हवं.

बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यावर ते उपचार घेत. त्यांना कुणी कमजोर म्हणेल का? मग मनाच्या आजाराला वेगळा न्याय का?

औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात मी ते सोडणार होतो, डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या मनानेच बंद करू नयेत.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरं आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं, की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरावं, शिक्षा करू नये. तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारची आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मित्राला सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ऐका, एकटं सोडू नका, दवाखान्यात सोबत जा.

मागच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात मी हे सगळं बोललो. शांतता पसरली. नंतर चपला घालताना एक पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, ओपीडी किती वाजता उघडते?"

सोमवारी आम्ही दोघं गेलो.

जयभीम.