चंडीगढचा गड कुठे आहे?

चंडीगढ स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझ्या नातीनं पहिला प्रश्न विचारला, “आजी, गड कुठे आहे?”

प्रश्न रास्त होता. आदल्याच आठवड्यात तिला सिंहगड दाखवला होता. गड म्हणजे चढण, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. चंडीगढला निघताना तिनं चढणीचे बूट आठवणीनं पायात घातले होते. इथे बघावं तर सपाट जमीन आणि सरळ काटकोनात जाणारे रुंद रस्ते!

माझा मुलगा नॉर्वेत, बर्गनला असतो. नात तिथलीच, दहा वर्षांची. नाताळच्या सुट्टीत आली तेव्हा मी तिला घेऊन भाच्याकडे निघाले. तो लष्करात आहे आणि चंडीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीत राहतो. गाडीत वेळ जावा म्हणून तिच्या हातात गोष्टींचं पुस्तक दिलं. मराठी ती छान बोलते, पण वाचन एकेक अक्षर लावून. ‘देवघर’ तिनं ‘दे-वघर’ वाचलं, ‘पोळपाट’ तर ‘पो-ळपाट’. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी जरा तिखटच बोलले. तिनं पुस्तक मिटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. माझ्यामागे घरातली मराठी पुस्तकं कोण उघडणार, या चिंतेनं मी बोलून गेले होते, पण पोरीला ते काय कळणार?

भाचा स्टेशनवर आला होता. गडाचं उत्तर त्यानंच दिलं. हे शहर स्वातंत्र्यानंतरचं. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून मुद्दाम वसवलेलं. आराखडा ल कॉर्बुझिए या वास्तुकाराचा. १९६६ पासून ते पंजाब आणि हरियाणा दोघांची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित प्रदेश. नाव मात्र जुनं. जवळच्या डोंगरपायथ्याशी चंडीदेवीचं देऊळ आहे आणि देवळापलीकडे एक गढ होता. त्या दोघांवरून चंडी-गढ.

“म्हणजे आपलाच गड?” नातीनं विचारलं. आपलाच. उत्तरेत ‘ढ’, आपल्याकडे ‘ड’. पण आपल्या गावातल्या पाटलाची ‘गढी’ असते, तिथे आपणही ‘ढ’ जपून ठेवला आहेच की!

दुसऱ्या दिवसापासून हिंडायला लागलो. डिसेंबरात इथे सकाळी धुकं असतं, गरम कपड्यांशिवाय निघू नये. सेक्टर १७ ची बाजारपेठ पायी हिंडायची, गाड्यांची कटकट नाही. रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या यांतून उभी केलेली माणसं नि प्राणी पाहून पोरगी हरखली. हे उद्यान १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. सेक्टरांना नुसते आकडे, हे मात्र मला रुचलं नाही. पत्ता सापडतो लवकर, पण गल्लीला नाव नाही म्हणजे गोष्टही नाही.

नावं आहेत ती जुन्या गावांची. रस्त्यावरच्या पाट्या हिंदी, पंजाबी, इंग्रजी अशा असतात. एका पाटीवर ‘मनीमाजरा’ होतं. नात एकदम ओरडली, “मनी-मांजर!” भाचा हसून लोटपोट. मग त्यानं सांगितलं, इकडे माजरा म्हणजे छोटी वस्ती, आपली वाडी. तशीच पंचकुलाची फोड, पंच आणि कुला. पाण्याच्या पाच पाटांवरून ते नाव पडलं म्हणतात.

“वाडी म्हणजे बालवाडीतली?” नातीनं विचारलं. मी म्हटलं, तीच. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागसुद्धा. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग आमची बार्नेहागे!” नॉर्वेजियनमध्ये ‘बार्न’ म्हणजे मूल, ‘हागे’ म्हणजे बाग. दोन्ही जोडून बार्नेहागे, म्हणजे चक्क बालवाडी.

सुखना तलावावर खरी गंमत झाली. हा तलाव १९५८ मध्ये एका पावसाळी ओढ्याला बांध घालून केलेला. हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. जवळच एका पाटीवर ‘धूम्रपान मुक्त क्षेत्र’ असं लिहिलं होतं. २००७ मध्ये चंडीगढ हे देशातलं पहिलं धूम्रपानमुक्त शहर म्हणून जाहीर झालं होतं. नातीनं अर्थ विचारला, मी सांगितला. तर ती पोट धरून हसायला लागली. “आजी, मध्ये जागा सोडलीय! म्हणजे इथे मोकळेपणानं ओढा!”

तिच्या भाषेत हा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. ‘रॉयकफ्रित’ जोडून लिहिलं तर धूरमुक्त, ‘रॉयक फ्रित’ तोडून लिहिलं तर खुशाल धूर काढा. जोडशब्द तोडला की शाळेत बाई लाल रेघ मारतात म्हणे. ओळ संपताना लांब शब्द मोडावा लागला, तर आधी सांधा शोधायचा आणि तिथेच मोडायचा. सांध्याला कधी मध्येच ‘ए’ किंवा ‘एस’ येतो. बार्न आणि हागेच्या मध्ये आलेला तो ‘ए’च.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘देवघर’ला अक्षरं चार, पण उच्चार दोन ठोक्यांचा: देव्-घर. ‘व’ आणि ‘र’ यांतला ‘अ’ आपण गिळतो. तो कुठे गिळायचा हे कागदावर लिहिलेलं नसतं. देव आणि घर हे दोन शब्द ओळखले तरच कळतं. मी तिला अक्षरं वाच म्हणून टोकत होते, सांधा दाखवलाच नव्हता.

तलावाच्या काठावर बसून आम्ही शब्द मोडायला लागलो. दूध-भात, मीठ-भाकर, पोळ-पाट. ‘घोडदौड’ला ती अडखळली. घोड म्हणजे काय? म्हटलं, घोडाच, जोडताना शेपूट गळलं. ‘घोडेस्वार’मध्ये त्याच घोड्याचं घोडे होतं. “आमच्यासारखंच,” ती म्हणाली. इस्पितळाला तिकडे ‘आजाऱ्यांचं घर’ अशा अर्थाचा जोडशब्द आहे. आपलं रुग्णालय तरी दुसरं काय?

शेवटच्या दिवशी चंडीमंदिराला गेलो. नारळ, चुनरी, घंटा. नातीनं बूट बाहेर काढले. आल्यापासून तेच पायात होते.

परतीच्या गाडीत अंबाला मागे पडल्यावर तिनं आपण होऊन पुस्तक काढलं. हातात पेन्सिल. शब्द लांब दिसला की मध्ये बारीकशी उभी रेघ मारायची आणि मग वाचायची. पुस्तकावर रेघा मारलेल्या मला एरवी खपत नाहीत. दिल्लीपर्यंत तिची अकरा पानं झाली. एकदाच चुकली, ‘करमणूक’मध्ये सांधा शोधत बसली. “याला नाहीच का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “नाही गं, हा अखंडच वाच.”