संगणक अडला, विचारावे कुणाला?

शाळेच्या जुन्या आठवणींचे हस्तलिखित पुन्हा कसे सापडले, याची विचारणा गेले दोन महिने पालक भेटले की करतात. विश्वस्त मंडळाच्या सभेतही हा विषय निघाला. तेव्हा या कामात असलेले आम्ही पाच जण, म्हणजे दोन शिक्षिका, दोन पालक आणि एक माजी विद्यार्थी, मिळून हे टिपण लिहीत आहोत. मुलांनीही वाचावे, कारण यातले निम्मे काम नववीच्या मुलांनी केले आहे.

हकिकत अशी. २००४ साली शाळेने सेवानिवृत्त शिक्षकांकडून आठवणी लिहून घेतल्या होत्या. सव्वीस जणांनी लिहिले. स्मरणिकेत जागा नऊ लेखांपुरतीच होती. उरलेले सतरा लेख 'पुढच्या अंकासाठी' म्हणून एका सीडीवर ठेवले गेले आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत गेले. त्या सतरा जणांपैकी आज तिघेच हयात आहेत. बाकीच्यांच्या घरी चौकशी केली, कागद कुठेच नाहीत. इंदुरात मराठी शाळा चालवणे त्या काळी काय होते, फी कशी गोळा होई, सराफ्यातल्या कोणत्या दुकानदाराने बाकांसाठी लाकूड दिले, हे सारे त्या एका सीडीवर होते. सीडी सुदैवाने वाचता आली. पण फाइल उघडल्यावर पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही, नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा!

असे का होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानांत ती पोहोचायला फार वर्षे लागली. तोवर फॉन्ट बनवणारे एक युक्ती करीत. रोमन अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवत. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच, फक्त दिसायला 'क' किंवा 'म'. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. आमचा मजकूर ज्याने जुळवला तो डीटीपीवाला दुकान बंद करून गेला, आणि फॉन्टची फ्लॉपी त्याच्याबरोबर गेली.

शहरातल्या दोन-तीन संगणक दुकानांत आम्ही गेलो. माणसे भली होती. एकाने चहा पाजला. पण सगळ्यांचे उत्तर एकच, 'मॅडम, फिरसे टाइप करवा लो.' कशावरून टाइप करणार?

मग आम्ही इंटरनेटवरील चर्चागटांकडे वळलो. संगणकाच्या अडचणी अनोळखी माणसांनी एकमेकांना विचारायच्या, ही प्रथा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना, टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना, १९७९ साली 'यूजनेट'ची कल्पना सुचली आणि १९८० पासून ते चालू झाले. विषयवार गट, कुणी प्रश्न टाकायचा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचे. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवी मुले येत आणि रीतभात न कळल्याने महिनाभर गोंधळ घालीत. आपल्याकडे जूनमध्ये पाचवीच्या वर्गात होतो तसाच. १९९३-९४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना हे दार उघडून दिले आणि तो गोंधळ कायमचाच झाला. जुनी मंडळी अजून त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हणतात.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढे याहू ग्रुप्सवर असंख्य गट झाले. आमच्या फॉन्टविषयीची जुनी चर्चाही तिथेच झाली असल्याचे उल्लेख आम्हाला सापडले. पण याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी कायमचे बंद झाले. गूगल ग्रुप्सने यूजनेटवरचे नवे लेखन घेणे २२ फेब्रुवारी २०२४ पासून थांबवले, जुने मात्र वाचता येते. म्हणजे ज्ञान होते, कुणीतरी कष्टाने लिहून ठेवले होते, आणि दाराला कुलूप. अशा वेळी 'इंटरनेट आर्काइव्ह'चे वेबॅक मशीन कामी येते. बंद झालेल्या पानांच्या जुन्या प्रती तिथे साठवलेल्या असतात. सगळ्या नसतात, पण मेलेला दुवा दिसला की तो तिथे टाकून पाहावा. आम्हाला दोन पाने मिळाली, त्यातले एक उपयोगाचे निघाले. आमची फाइल पेजमेकर या सॉफ्टवेअरची आहे आणि लिब्रेऑफिस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर २०१५ सालच्या आवृत्तीपासून अशा फाइली उघडते, हे त्याच पानाच्या आधारे शोधत गेल्यावर कळले. उघडून पाहिले. मांडणी विस्कटली, चौकटी एकमेकींवर चढल्या, पण मजकूर बाहेर आला आणि मुख्य म्हणजे फॉन्टचे नाव वर चौकटीत दिसले. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव मजकुराबरोबर राहते.

आता शोध घेणे सोपे झाले. 'मराठी फॉन्ट दिसत नाही' असे टाकले की हजार पाने येतात आणि त्यात आपले एकही नसते. फॉन्टचे नेमके नाव, सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, किंवा पडद्यावर आलेली सूचना जशीच्या तशी अवतरण चिन्हांत टाकली की तुमच्यासारखाच अडलेला माणूस कुठेतरी भेटतो. चर्चा कोणत्या वर्षाची आहे हे आधी बघावे. २००६ चा उपाय विंडोज एक्सपीसाठी बरोबर असेल, आज तो संगणक आहे कुणाकडे?

या फॉन्टसाठी तयार परिवर्तक मिळाला नाही. तेव्हा प्रश्न विचारणे भाग होते. आठवडाभर आम्ही त्या गटातले इतरांचे प्रश्न नुसते वाचले. कुणाला उत्तर मिळते आणि कुणाचा प्रश्न तसाच पडून राहतो, हे कळावे म्हणून. 'तातडीने मदत हवी, कृपा करा' असे लिहिणाऱ्यांना सहसा कुणी विचारत नाही. उत्तर देणारा बिनपगारी आहे, रात्री जेवण झाल्यावर बसलेला आहे. त्याला गयावया नको, माहिती हवी. एरिक रेमंड यांनी २००१ च्या सुमारास 'प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत' यावर एक लांबलचक लेख लिहिला. त्याचा सूर जरा गुरगुरणारा आहे, आम्हाला तो आवडला नाही, पण सांगितलेले खरे आहे.

आमचा प्रश्न लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. फाइल कशाची, साल कोणते, फॉन्टचे नाव काय, आम्ही काय काय करून पाहिले आणि काय दिसले, आणि एक ओळ नमुन्यादाखल. संपूर्ण फाइल टाकली नाही. त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत, पत्ते आहेत, त्या जगासमोर मांडायचा आपल्याला अधिकार नाही. प्रश्न इंग्रजीत लिहिला. दहावीच्या दोन मुलींनी आमचे इंग्रजी सुधारले, हेही नमूद करतो.

पहिली तीन उत्तरे निरुपयोगी होती. चौथे काठमांडूहून आले. नेपाळातही हीच रड. तिथे 'प्रीती' नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे मजकूर लिहिला गेला आणि तो युनिकोडमध्ये आणण्याचे काम पुष्कळांनी केले आहे. त्या गृहस्थांनी उलट प्रश्न केला, 'याच फाइलमधला काही मजकूर छापलेला आहे का?' आहे की! नऊ लेख! ते म्हणाले, मग किल्ली तुमच्या हातातच आहे. छापील ओळ आणि चिवड्याची ओळ शेजारी ठेवा आणि कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, याचा तक्ता करा.

तो तक्ता नववीच्या मुलांनी केला. चार शनिवार लागले. डावीकडे चिन्ह, उजवीकडे अक्षर, आणि प्रत्येक जोडी निदान तीन ठिकाणी पडताळायची. त्यात एक गंमत त्यांच्याच ध्यानात आली. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'किती' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. 'वर्ग' मधला रफार जुन्या फाइलमध्ये ग च्या नंतर, युनिकोडमध्ये ग च्या आधी. म्हणून नुसती अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. आमच्यातील माजी विद्यार्थ्याने त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिला लेख मराठीत उमटला तेव्हा वर्गात टाळ्या झाल्या. वाचू लागलो तर स्काउटच्या शिबिरात 'आचार्यांनी पोहे केले'! पोहे करणारे ते आचारी, म्हणजे 'आचाऱ्यांनी' हवे. प्रत्येक 'ऱ्या' चा 'र्या' झालेला. दऱ्या-खोऱ्यांचा दर्या. हिंदीवाल्या मित्रांना विचारले तर ते म्हणाले, असे अक्षरच नसते. हिंदीत ते नाही, ही गोष्ट खरी. पण नेपाळीत आहे. 'गऱ्यो' म्हणजे 'केले', हा त्यांचा रोजचा शब्द, त्यामुळे काठमांडूच्या गृहस्थांना आमचे दुखणे एका ओळीत कळले. मराठीसाठी उपाय असा की साध्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ घ्यायचा, त्याला हलन्त द्यायचा आणि पुढे य किंवा ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे ची कळ, मग डी, मग य ची कळ. हे मुलांनी पाठ करून ठेवावे. 'तुझ्या वाऱ्या' लिहिताना मोबाइलने 'वार्या' केले तर आता तक्रार चालणार नाही.

काही पालकांनी विचारले, आता एआयला विचारले की क्षणात उत्तर मिळते, मग हा खटाटोप कशाला? आम्ही एआयलाही विचारले. बोलणे गोड, पण आमच्या फॉन्टचा तक्ता म्हणून त्याने जे दिले ते छापील पानाशी जुळेना. चर्चागटात कुणी चुकीचे सांगितले तर खाली दुसरा येऊन 'असे नाही' म्हणतो. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली गेली, तीही अशाच कारणाने. दिसायला बरोबर, निघायला चूक.

मुलांसाठी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मदतीच्या नावाखाली कुणी फोन नंबर देऊन 'यावर बोला' म्हणाला, किंवा दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर टाकायला सांगितले, तर तिथेच थांबायचे आणि घरी मोठ्यांना दाखवायचे. पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच नाही. न कळणारी आज्ञा संगणकाला द्यायची नाही. आधी विचारायचे, याने काय होते? खरा मदतनीस ते समजावून सांगतो, त्याला राग येत नाही.

उपाय मिळाल्यावर आम्ही तक्ता आणि प्रोग्रॅम त्याच चर्चेच्या खाली ठेवला आहे, लेखांतील मजकूर वगळून. महिनाभरात दोघांनी तो वापरल्याचे कळवले.

सतरापैकी चौदा लेख वाचून झाले आहेत. तीन लेखांत काही चिन्हे अशी आहेत की ती छापील नऊ लेखांत कुठेच आली नाहीत, त्यामुळे तिथे शब्द अडतात. संदर्भावरून लावायचे आहेत. ज्या आजी-आजोबांना त्या काळचे शिक्षक आणि वर्ग आठवतात, त्यांनी शनिवारी सकाळी दहाला शाळेच्या वाचनालयात यावे. चष्मा आणावा. पोहे शाळेकडून.