शिवाराकडे तोंड

स्पीकरची कॉइल जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. तापलेलं वॉर्निश, करपलेला कागद. गेल्या लगीनसराईत खापर गावात वरात चालली होती. डीजेच्या गाडीवरचं एक खोकं मुकं झालं आणि तो वास आला. नाचणाऱ्या पोरांना पत्ताही नव्हता, बाकीची खोकी छाती हादरवत होतीच. मला मात्र आमच्या गावातला लाऊडस्पीकरवाला आठवला.

तेव्हा आमचा जिल्हा धुळेच होता. सायकलच्या कॅरियरवर मशीन आणि खांद्यावर भोंगा घेऊन तो यायचा. मांडवाच्या खांबाला भोंगा त्यानं कधी बांधला नाही. निंबावर चढायचा आणि तोंड शिवाराकडे करायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "गावमा ते आयकू येसच, वावरमा बी जावाले जोयजे."

भोंग्याचं युनिट बिघडलं की तो ओट्यावर दुरुस्तीला बसे आणि मी समोर उकिडवा. मागचं झाकण उघडायचं, जळका डायाफ्राम, म्हणजे कॉइल लावलेला पातळ पडदा, काढायचा. मग पुठ्ठ्याच्या पातळ पट्टीला चिकटपट्टी लावून चुंबकाच्या फटीतून फिरवायची. लोखंडाचा बारीक कीस तिला चिकटून येई. नवा डायाफ्राम बसवताना त्याचा श्वास रोखलेला असे. कॉइल केसभर जरी घासली, तरी आवाज फाटतो. स्क्रू आवळून झाले की माइकमध्ये हळूच बोलायचा आणि डोळे मिटून ऐकायचा.

पुढे नोकरीसाठी मुंबईत राहिलो, जुन्या स्पीकरांच्या शौकिनांत ऊठबस झाली. त्यांच्या बोलण्यात एक नाव देवासारखं येई: वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५. हे युनिट १९२६ सालचं, बेल प्रयोगशाळेतल्या वेंट आणि थुरास या दोघांचं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये व्हिटाफोन पद्धतीचे बोलते खेळ सुरू झाले, ते याच्या जोरावर. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो १४ मार्च १९३१ ला. त्या काळी अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे, आणि थिएटर भरायचं हजार माणसांचं. घरातल्या साध्या स्पीकरमध्ये विजेचा जेमतेम शंभरावा हिस्सा आवाज होऊन बाहेर पडतो. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा अरुंद गळ्याशी बसवला आणि पुढे रुंदावत जाणारा कर्णा जोडला, की तीच वीज कितीतरी पट बोलते. ५५५ चा लाकडी कर्णा तर साध्या दारातून आत जायचा नाही. थिएटरांनी ही यंत्रं पुढे मोडीत काढली; जपानी शौकिनांनी ती शोधून घरी नेली आणि त्यांची कीर्ती जगभर झाली.

एका घरी जुन्या कर्ण्यावर मी गाणं ऐकलं. गायिकेनं श्वास घेतलेला कळला. तिथेच मनात आलं, हे आपल्या निंबावरच्या यंत्राचंच थोरलं घराणं. पातळ पडदा, चुंबकाची फट, गळा, कर्णा, सगळं तेच. भोंगा खर्ज गाळतो आणि चिरका होतो हे खरं. पण थोड्या विजेत माणसाचा शब्द लांब न्यायचा, हे दोघांचं काम एकच. एकाला दिवाणखान्यात मखर मिळालं, दुसरा किलोवर विकला गेला. पुठ्ठ्याच्या पट्टीनं फट साफ करणाऱ्या त्या माणसाचा कान कुठल्याही शौकिनाइतका तयार होता आणि त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. हा सल माझ्या मनातून जात नाही.

निंबाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, त्याला कारण आहे. एका लग्नाच्या दिवशी आजी आणि मी वावरात होतो. उन्हाळी भुईमूग निघत होता, काम टाकून जाता येईना. तिनं आहेर वडिलांच्या हाती धाडला होता. दुपारी भोंग्यावर आहेर वाचायला सुरुवात झाली आणि मध्येच आजीचं नाव आलं. कुणाची माय नाही, कुणाची बायको नाही. तिचं नाव, आणि पुढे अकरा रुपये. अक्षर न् अक्षर स्पष्ट. उपटलेला वेल हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "आयकं का तू?"

सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, घराच्या पाटीवर नव्हतं. त्या दुपारी ते सगळ्या शिवारानं ऐकलं. त्यामुळे स्पीकर चांगला की वाईट असं कुणी विचारलं, तर मी त्यावर आधी कुणाचं तरी नाव वाचून बघा म्हणतो. डीजेच्या भिंतीतून दणका येतो, नाव येत नाही. माझा राग तेवढ्यासाठी आहे.

आता आहेर पाकिटात जातो, नाहीतर फोनवरून. यंदा पुतण्याचं लग्न आहे. आहेर माइकवर वाचायचा, आणि बायांची नावं त्यांची स्वतःचीच वाचायची, असं मी घरी आत्ताच सांगून ठेवलं आहे.