खानदेशची काटकसर

काटकसर म्हटली म्हणजे हात आखडून वागणारी गृहिणी डोळ्यांपुढें येते. खानदेशांत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. वैशाखांत धुळें-जळगांवकडे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. तेथें काटकसर म्हणजे पाणी आणि सावली यांचा हिशेब. तो चुकला कीं टँकर व विजेचें देयक मिळून संसाराचा कणा मोडतात.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांतील जुनीं दप्तरें पाहून आम्ही पांझरेच्या कांठानें साक्रीकडे गेलों. या नदीवरची फडपद्धति कित्येक शतकांची. बंधाऱ्यानें अडविलेलें पाणी पाटांतून उतारानेंच शेतांत येतें. पंप नको, तेल नको. लाभाच्या जमिनीचे तीन-चार फड पाडून प्रत्येकांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. पाटकरी पाळीनें पाणी देतो, जागल्या राखण करितो. ही व्यवस्था आज पुष्कळ ठिकाणीं क्षीण झाली असली, तरी तिचें मर्म एकत्र कुटुंबास सहज उमगेल: पाणी सर्वांचें, म्हणून पाळी प्रत्येकाची.

साक्री तालुक्यांतच बारीपाडा आहे. १९९० च्या सुमारास तेथील रान उजाड झालें होतें आणि बायकांना पाण्यासाठीं दूर जावें लागे. चैत्राम पवार व गांवकरी यांनीं वृक्षतोड थांबवून तोडणारास दंड ठरविला. आज सुमारें १,१०० एकर जंगल उभें आहे व विहिरींना पाणी आहे. २०२५ सालीं पवारांस पद्मश्री जाहीर झाली. परंतु डोईवरचा हंडा उतरला, हेंच आम्हांस मोठें पारितोषिक वाटलें.

चाळीसगांवमार्गें जळगांव गांठलें. भवरलाल जैन यांच्या उद्योगानें ठिबक सिंचन येथून दूरवर नेलें. केळीच्या मुळाशीं थेंब थेंब पाणी पडतें, मधली जमीन कोरडी राहते. म्हणून पाणीही वांचतें आणि तणही कमी. परसांतील पांच-सात झाडांना हीच युक्ति लहान प्रमाणांत करतां येते.

या प्रांतीं धाब्याचीं जुनीं घरें अद्याप दिसतात. लांकडी तुळयांवरच्या मातीच्या जाड थरामुळें दुपारचें ऊन खोलींत उशिरां पोंचतें. पावसाळ्यापूर्वीं त्या मातीची डागडुजी मात्र चुकवूं नये. नवें घर स्लॅबचें असेल, तर पश्चिमेस एक कडुनिंब लावावा. तो वाढला कीं पंखा-कूलरचा भार हलका करील.

आतां छपराचा हिशेब. १,००० चौरस फूट छपरावर वीस इंच पाऊस पडला, तर सुमारें ४७,००० लिटर पाणी होतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें, तरी ३७,००० लिटरांहून अधिक उरतें. पहिल्या सरीचें पाणी सोडून द्यावें; पुढचें वाळू-खडींतून गाळून टांक्यांत किंवा वाड्यांतील आडांत उतरवावें. भाजी धुतलेलें पाणी अळूस व न्हाणीचें केळी-कर्दळीस घालावें. आणि अंगण सगळें फरशीनें झांकूं नये. झांकलेल्या अंगणांतला पाऊस गटारांतून वाहून जातो, आणि आपण पुढें तेंच पाणी विकत घेतों.

यांत कोणाच्या ताटांतला घांस कमी होत नाहीं. सासूबाईंची परसबाग, सुनेचा जमाखर्च आणि मुलांची पाणी घालण्याची पाळी, एवढें एका घरांत जुळलें कीं पुरे.